चिकाच्या रश्श्यातली अंडापोळी

तुळसाबाईनं पदर खोचला की समोरच्यानं बाजूला व्हावं, हे मानोऱ्यातल्या लोकांना तिच्या लग्नानंतर वर्षभरातच कळून चुकलं होतं. मूळची ती शेलूबाजारची, माळ्याच्याच घरातली. लग्न होऊन आली तेव्हा सासरा वारलेला, मळ्यातली विहीर गाळानं बुजत आलेली, नवरा नथ्थू सरळमार्गी आणि सासू गोजराबाई देवदेव करणारी. या बाईनं दोन उन्हाळे स्वतः विहिरीत उतरून गाळ उपसला आणि नाल्याकाठच्या त्या एवढ्याशा तुकड्यात वांगी, कांदा, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं बारमाही हिरवं ठेवलं. बोलणं मात्र फटकळ. गोड बोलायला तिला कधी जमलं नाही आणि खोटं कशाला सांगा, तिनं तसा प्रयत्नही केला नाही.

तर अशा बाईचा नवरा लढाईवरून परत आला आणि जेवीना.

नथ्थू खच्चरांच्या पलटणीत भरती होऊन ब्रह्मदेशात गेला होता. बेचाळीस साली रंगून पडलं तेव्हा डोंगरातून, जंगलातून पायी चालत तो कसाबसा इकडच्या हद्दीत पोचला. मग कितीतरी महिने फौजेच्या दवाखान्यात काढले आणि पुढच्या संक्रांतीनंतर घरी आला. सदऱ्यातून खांद्याची हाडं वर आलेली. वाटेत काय पाहिलं ते त्यानं एकदाच सांगितलं. "मानसं बसत अन् मंग उठत नसत. माह्याजवळ चने होते. मी एकट्यानं खाल्ले." एवढंच. तुळसाबाईनंही खोदून विचारलं नाही.

ताटावर बसायचा, भाकरीचे दोन घास मोडायचा, पाणी प्यायचा आणि उठायचा. तिनं रोडगे केले, भरली वांगी केली, पुरण घातलं. सगळ्याला त्यानं बोट लावलं आणि हात धुतले. गोजराबाई रोज दुपारी फडक्यात एक भाकर बांधून मळ्यात न्यायची. मोकळ्या हवेत लेकाला भूक लागेल, तो मागेल, अशी तिची आशा. दिवस मावळताना तीच भाकर घरी येऊन गायीच्या पुढ्यात पडायची. गायीचं तेवढं बरं चाललं होतं.

शेवटी तुळसाबाईनं त्याला छकड्यात घालून माहेरच्या वैद्याकडं नेलं. वैद्यानं नाडी पाहिली, पोट दाबून पाहिलं आणि तिला बाजूला घेऊन सांगितलं, "औषध देऊ कोनाले? पोटात अन्नच नाई. असंच चाललं तं हा पावसाळा काढत नाई." परत येताना तिनं छकडं हाकलं ते सबंध वाट बैलांवर खेकसत. आपला माणूस लढाईतून एवढं चालत आला आणि आता घरात, भरल्या वाफ्यांमध्ये उपाशी मरणार, याचा तिला राग आला होता. रडू नंतर आलं, आधी रागच आला.

फाल्गुन सरत आला होता. एका सकाळी ती बांधावर बसून कांद्याची पात कापत होती आणि नथ्थू विहिरीच्या काठावर बसून पाहत होता.

"असीच पात कापे तो," तो एकदम म्हणाला.

तिनं विळा थांबवला. "कोन?"

"चिनी म्हातारा. रंगूनात. आमच्या तळाच्या बाहेर चूल मांडून बसे. अंडे फोडे, त्यात पात टाके, मुगाचे मोड टाके अन् जाड पोळी तळे. भातावर ठेवून वरून रस्सा घाले. समदं गाव पळून राह्यलं होतं त्या दिशी बी तो चूल पेटवून बसला होता. मले म्हने, बस, खाऊन जा." नथ्थूनं विहिरीत पाहिलं. "मी बसून खाल्लं. मंग तो कुठं गेला, काय मालूम."

घरी आल्यापासून नथ्थू एवढं बोलला नव्हता. तुळसाबाईनं विळा बाजूला सारला आणि त्याची चौकशीच सुरू केली. रस्सा कसा होता? पातळ का दाट? तिखट होता का? नथ्थूनं डोळे मिटून आठवून सांगितलं की तिखट नव्हता, दाट होता, तपकिरी होता, म्हातारा त्यात बाटलीतून काळं खारट पाणी टाकायचा आणि मुख्य म्हणजे रस्सा चमकायचा. पळीतून ओतला की आरपार दिसायचा.

"करते मी," तुळसाबाई म्हणाली.

आता म्हणायला सोपं. पण गोजराबाईच्या गळ्यात तुळशीची माळ. ज्या घरात कांदासुद्धा एकादशीला कोपऱ्यात सरकवून ठेवतात, त्या घरात अंडं येणार कसं?

"माह्या घरात अंडं येनार नाई," गोजराबाईनं सांगून टाकलं.

"घरात नाई आनत. मळ्यात रांधते."

"मळा बी घरच हाय."

"मंग नाल्यावर रांधते. नाला तं कोनाचा नाई." तुळसाबाईनं सासूकडं सरळ पाहिलं. "आत्याबाई, तुमची माळ तुमच्या गळ्यात राहू द्या. माह्या गळ्यात डोरलं हाय, ते मले सांभाळाचं हाय."

मग गोजराबाईनं अटी घातल्या. चूल नाल्याच्या काठावर, तीन दगडांची. भांडी मातीची, तीही वेगळी, ती घरात येणार नाहीत. विहिरीचं पाणी त्या भांड्यांना लागणार नाही. आणि अंड्याला हात लावला की उंबरा ओलांडायच्या आधी आंघोळ. तुळसाबाईनं सगळ्याला मान हलवली. आंघोळीची तिला काय भीती?

अंडी मिळाली रुखमाबाईकडून. ही तांड्यावरची बाई मळ्यात भाजी घ्यायला यायची आणि तिच्याकडं कोंबड्या होत्या. वांग्यांच्या बदल्यात अंडी ओच्यातून काढून देताना ती हसत सुटली. "माळकरनीची सून अंडे नेऊन राह्यली. आता काय पाहाचं राह्यलं?" तुळसाबाईनं तिला दोन वांगी जास्त दिली आणि तोंड बंद ठेवायला सांगितलं. वांगी कामी आली नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळ्या तांड्याला ठाऊक होतं.

पहिल्या खेपेला पोळी झाली झकास. मुगाला फडक्यात बांधून मोड आणले होते, पात कोवळी होती. पण रस्सा! आता वऱ्हाडातल्या बाईला रस्सा दाट करायचा म्हटलं की तिचा हात आपोआप बेसनाच्या डब्यात जाणार. वर लसणाची फोडणी. वर हळद. नथ्थूनं थाळीत पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "हे पिठलं हाय." खरंच होतं ते. अंड्यावर पिठलं.

दुसऱ्या खेपेला तिनं हळद, फोडणी सगळं गाळलं आणि ज्वारीचं पीठ लावलं. त्याची झाली आंबील. शिवाय पोळी रश्श्यात शिजायला सोडली, तिचे तुकडे झाले. नथ्थूनं एक घास घेतला, पाणी प्यायला. "कायले एवढी झिजतं? राहू दे."

"राहू कसं देऊ?" तुळसाबाई म्हणाली. "तुमाले नसल खाचं तं नका खाऊ, पन मी करनं सोडत नाई." असं तोडून बोलली आणि नाल्यावर भांडी घासताना ओक्साबोक्शी रडली. मग तोंड धुऊन आंघोळ केली आणि घरी गेली.

चैत्र लागला. गोजराबाईनं कुरोड्यांसाठी, म्हणजे कुरडयांसाठी, गहू भिजत घातले. तीन दिवस रोज पाणी बदललं, चौथ्या दिवशी गहू वाटून, पिळून चिक काढला. वरचं पाणी काढून टाकल्यावर तळाशी पांढरा घट्ट चिक बसला होता. सकाळीच अंगणात चूल पेटली. सासूनं उकळत्या पाण्यात चिक सोडला आणि सून लाकडी उलथनं घेऊन ढवळायला बसली. दरवर्षीचंच काम. हात ढवळत होते, डोकं नाल्यावर होतं.

आणि पांढरा चिक शिजता शिजता पालटला. दाट झाला, पांढरेपणा गेला, उलथन्यावरून चकाकत खाली सरकला. तुळसाबाईचा हात थांबला.

"ढवळ व, गाठी होतीन," गोजराबाई म्हणाली.

"आत्याबाई, हे आरपार दिसून राह्यलं."

"चिक हाय तो. दिसनारच."

"मले वाटीभर कच्चा चिक पाह्यजे."

गोजराबाईला कळायला वेळ लागला नाही. तिचा चेहरा कठीण झाला. "पयली कुरोडी देवाले जाते. त्या चिकातला मी अंड्याले देऊ?" तिनं उरलेल्या कच्च्या चिकाच्या भांड्यावर झाकण ठेवलं. तुळसाबाईनं पुन्हा मागितलं नाही. मागायचं एकदा, हा तिचा नियम होता. पण दिवसभर तिनं सासूकडं पाहिलंही नाही. मनात ठरवलं, उद्या माहेरून गहू आणते, स्वतः भिजवते, आणखी चार दिवस लागले तर लागले.

दुसऱ्या सकाळी ओट्याच्या अगदी बाहेरच्या कडेला एक मातीची वाटी होती, वर पळसाचं पान. गोजराबाई तुळशीला पाणी घालत होती. पाठ न वळवता म्हणाली, "कुरोडी देवाले देऊन झाली. हे उरलेलं हाय. वाटी परत आनू नको."

त्या दिवशी तुळसाबाई नाल्यावर अशी बसली, की रुखमाबाई अंडी देऊन गेली तरी तिच्याशी दोन शब्द बोलली नाही. काळ्या पाण्याचा तोडगा तिनं काढून ठेवला होता. खापरात गूळ जाळायचा. पहिला कडू जळला, फेकला. दुसरा बरोबर काळा होताच त्यात पाणी, मीठ, चिंचेचा कोळ आणि ठेचलेलं अद्रक घातलं. उकळी आल्यावर पाण्यात कालवलेला चिक हळूहळू सोडला. रस्सा दाटला आणि चकाकला. पोळी तिळाच्या तेलात दोन्हीकडून तांबूस तळली, भातावर ठेवली आणि रस्सा वरून घातला. नथ्थूच्या पुढ्यात थाळी ठेवून ती बाजूला बसली.

वर मोटेच्या धावेवर, बैल चालतात त्या उतारावर, गोजराबाई उभी होती. नाकाला पदर, काखेत रोजचं फडकं.

नथ्थू थाळीकडं बघत राहिला. मग त्यानं पोळीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, खाल्ला. फार वेळ चावला.

"त्याच्यावानी नाई," तो म्हणाला.

तुळसाबाई म्हणाली, "बरं. परवा पुन्हा करते." आणि रुखमाबाईकडं अंडी उरली असतील का, याचा विचार करू लागली.

पण नथ्थूनं थाळी बाजूला सारली नव्हती. दुसरा तुकडा गेला, तिसरा गेला. भात त्यानं बोटानं कडेला सारला. "भाताची सवय राह्यली नाई," तो पुटपुटला. "भाकर हाय का?"

भाकर नव्हती. चिनी माणूस भातावर वाढायचा म्हणून तुळसाबाईनं इमानानं भातच रांधला होता. ती घराकडं धावायला उठली, पण तेवढ्यात गोजराबाई धाव उतरून येत होती. चुलीच्या दगडांपाशी ती क्षणभरही थांबली नाही. लेकासमोर बसली, फडकं सोडलं, भाकर मोडली आणि थाळीत चुरली. बोटं रश्श्यात बुडाली.

"आत्याबाई, हात लागला," तुळसाबाई म्हणाली.

"लागला तं लागला. आंघोळ कराले पानी हाय नाल्याले." तिनं थाळी त्याच्याकडं सारली. "खा बापू. आखी खा."

त्यानं अख्खी भाकर खाल्ली. दिवस मावळता गायीनं सवयीनं मान पुढं केली, तर गोजराबाईनं तिला रिकामं फडकं झटकून दाखवलं.