सरांच्याच कंपनीचं घड्याळ

२१ एप्रिल. आमच्या शिपाईमावशींच्या निरोपाची भेट आणायची होती. आमच्या वसईच्या शाळेत निवृत्त होताना शिपायाला भिंतीवरचं घड्याळ, शिक्षकाला मनगटी आणि मुख्याध्यापकांना परदेशी कंपनीचं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण कधी चुकलंही नाही. मी शाळेत क्लार्क, त्यामुळे खरेदी माझ्याकडे.

मावशी राजोडीहून यायच्या. घंटेची वेळ झाली की हनुवटी वर करून सेकंदकाट्याकडे बघत राहायच्या. तेवढ्यात कोणी बोललं की एक बोट वर. "थांबा, माझं मिनिट चाललंय." एकदा संस्थेचे अध्यक्षही बोलता बोलता गप्प झाले. तुमच्या शाळेतही अशी एक बाई असेल. तिचं नाव आठवतंय का बघा.

भिंतीवरचं कुठल्या रंगाचं आणू, एवढंच मी विचारलं.

"भिंतीवरचं नको. मागच्या हेडसरांना दिलं ना, त्याच कंपनीचं पायजे. मनगटावरचं."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. दिवसभर हात पाण्यात, ते वापरणार कुठे, असं मी समजावून पाहिलं.

"सर कुठं वापरायचे? रिटायर झाल्यावर शाळेत मीटिंगला यायचे, तेव्हा मोबाइलातच बघायचे. पन लोकांना दाखवायचे ना?"

स्टाफरूममध्ये खसखस पिकली. उद्या शिपाई गाडी मागतील, असं एक जण म्हणाला. दुसरीने उपाय काढला. विरारला स्टेशनबाहेर हुबेहूब नक्कल मिळते, नाव तेच, डबी तीच. मावशींना काय कळणार?

खरं सांगते, मला तो उपाय सोयीचा वाटला. मी ती नक्कल आणली आणि आधी पसंत करून घ्यावी म्हणून मावशींसमोर ठेवली.

त्यांनी नाव वाचलंच नाही. नुसता काटा पाहिला. मग डबी बंद करून माझ्याकडे सरकवली.

"ह्याचा काटा उड्या मारतो, बाई. सरांचा सरकत जायचा. मीटिंगला आले की चहा देताना दर वेळी बघायची मी."

तीस वर्षं सेकंदकाटा बघणाऱ्या बाईला मी फसवायला निघाले होते. माफी मागत बसले नाही. डबी घेऊन थेट स्टाफरूममध्ये गेले आणि ती टेबलावर आपटली. सांगितलं, सरांच्या वेळी ज्याने जेवढी वर्गणी दिली तेवढीच आत्ताही द्यायची. नाहीतर यापुढे तुमच्यापैकी एकाच्याही निरोपाची यादी मी फिरवणार नाही. दोघे सोडून सगळ्यांनी दिली.

दुकानातल्या पोराने विचारलं, "साहेबांसाठी का?" मी म्हटलं, शिपाईबाईंसाठी, आणि बायकांचं नाजूक नको, मोठी तबकडी दाखव.

समारंभात मावशींनी डबी तिथेच उघडली, घड्याळ बांधलं, लुगड्याचा पदर खोचला आणि मनगट पुढे धरून पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना दाखवत गेल्या. काहींना ते मिरवणं वाटलं. मिरवणंच होतं. वर्गणी न देणाऱ्या दोघांसमोर त्या जरा जास्त थांबल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसबाहेरचं त्यांचं स्टूल रिकामं होतं. मी आत गेले, एक कागद टाइप केला आणि सूचनाफलकावर लावला. यापुढे निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाला, मग पद कुठलंही असो, घड्याळ एकाच कंपनीचं मिळेल. मुख्याध्यापक अजून यायचे होते. खाली मी माझीच सही केली.