ओढ्याचं उलटं पाणी

माझं माहेर माण तालुक्यातलं, सासर पलूसजवळ कृष्णेच्या काठावरचं. टँकरमागं धावत वाढलेल्या मुलीला पाण्यापुढं धावावं लागेल अशा गावात दिलं. पहिल्या पावसाळ्यात नदी फुगताना बघून मी हरखले होते, तेव्हा सासरची माणसं हसली. पुढं एका पुरात आमच्या स्वयंपाकघरात फडताळाच्या वरच्या फळीपर्यंत गाळ चढला. तेव्हापासून पाऊस म्हटलं की मी आधी त्या फळीकडं बघते.

माझ्या माहेरी हवामानाच्या अंदाजावर कुणाचाच विश्वास नाही आणि त्यात त्यांची काही चूकही नाही. 'सातारा जिल्ह्यात मुसळधार' असं टीव्हीवर सांगतात तेव्हा ते महाबळेश्वर-पाटणकडचं बोलत असतात. माणही त्याच जिल्ह्यात, पण तिथं त्या दिवशी फुफाटा उडत असतो. ढग घाटावरच रिकामे होतात, माणच्या वाट्याला नुसता वारा येतो. माझे वडील, म्हणजे आबा, म्हणायचे की टीव्हीतला पाऊस टीव्हीतच पडतो.

त्या वर्षी श्रावण लागला तरी माणात गवताची काडी नव्हती. एरवी या दिवसांत आबांची मेंढरं घरच्या माळावर असतात. त्यांनी ती हाकत आमचं गाव गाठलं. नदीकाठच्या आमच्या मळीत, गाळाच्या रानात, एक तुकडा रिकामा होता. तिथं त्यांनी मेंढरांभोवती जाळी लावली आणि स्वतःला राहायला पाल ठोकलं. मला तर दिवाळी आल्यासारखं झालं. रोज दुपारी भाकरी बांधून घ्यायची आणि बापाशी चार गोष्टी बोलून यायचं.

एका सकाळी मोबाइलवर मेसेज आला. घाटमाथ्यावर रेड अलर्ट, धरणातून पाणी सोडणार, नदीकाठच्यांनी सावध राहावं. आमच्याकडं लख्ख ऊन पडलं होतं. पूर आमच्याकडं असाच येतो, दुसऱ्याच्या आभाळातून. दोरीवर कपडे वाळत असतात आणि पायरीला पाणी लागतं. सासूबाई डबे माळ्यावर चढवायला लागल्या, नवरा म्हशी हाकत उंचावरच्या शाळेकडं निघाला. मी मळीकडं पळाले.

आबा नदीच्या कडेला, पाण्यापासून पुरुषभर वर, एक काठी रोवून बसले होते. पाणी काठीला लागलं की उठायचं, असा त्यांचा हिशेब. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता निघा. त्यांनी सवयीनं वर बघितलं.

"ढगाचा ठिपका न्हाई, पोरी. तुजं बी त्या टीव्हीवानी झालंय."

आणि त्यांनी नदीला हात जोडले. मला असा राग आला की काठी उपटून फेकून द्यावी. जन्मभर ज्यानं पाण्याची वाट बघितली त्याला पाण्याची भीती शिकवायची तरी कशी? पण रागाखाली भीती होती, कारण आबांना ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं.

मळी आणि गाव यांच्यामध्ये एक ओढा आहे. नदी चढली की तिचं पाणी ओढ्याच्या तोंडातून आत शिरतं आणि मागच्या बाजूनं वर वर सरकतं. नदीकडं तोंड करून बसलेल्याची परतीची वाट त्याच्या पाठीमागं बुडते. येताना मी तो ओढा घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडला होता. मी आबांचं मनगट धरलं आणि त्यांना जवळजवळ फरफटत तिथं नेलं.

पाणी गुडघ्याच्या वर गेलं होतं. त्यावर उसाचा पाला तरंगत होता, आणि तो नदीकडं जायचा सोडून चढाला, गावाकडं चालला होता. आवाज नाही, घाई नाही. आबा बघतच राहिले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बापाला घाबरलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं, आणि ते बघून मीच जास्त घाबरले.

"पानी माघारी चाललंय," ते हळूच म्हणाले. "आता गं?"

मेंढरं पाण्यात पाय घालेनात. आबांनी घंटा बांधलेल्या एडक्याला कानाला धरून आत ओढलं, तेव्हा बाकीची त्याच्यामागं उतरली. मी दोन कोकरं काखोटीला मारून मागून हाकत होते. मधोमध पाणी कमरेला लागलं, पायाखालचा गाळ सरकायला लागला. मी देवाचं नाव घ्यायचं विसरून नुसतं "आबा, आबा" करत होते. एक म्हातारी मेंढी कलंडली आणि पाल्याबरोबर वर वाहत गेली. आबांनी तिच्याकडं वळूनही पाहिलं नाही.

पैलतीरी चढून मी मागं पाहिलं. लांब नदीच्या कडेला त्यांची काठी उभी होती. पाणी अजून तिला लागलंसुद्धा नव्हतं.

पूर ओसरल्यावर आबा मेंढरं घेऊन माणात परतले. दसऱ्याच्या आधी तिकडं एकदाचा पाऊस झाला. त्यांचा फोन आला तेव्हा मागं पत्र्यावर सरी वाजत होत्या, आई कुणाशी तरी हसत बोलत होती. वर्षभर सगळे ज्याची वाट बघत होते तो पाऊस. मी विचारलं, आता तरी खूश ना?

"वढा बगून आलो, बाय," आबा म्हणाले. "खालतीच चाललाय. दिवस बुडायच्या आत परत एकदा जाऊन बगतो."