कंटाळा विचारत, मुलुंड ते बोरिवली

शुक्रवारी सकाळी आठला मुलुंडहून निघालो, तेव्हा माझ्या पिशवीत गावाकडच्या गोड खाज्याच्या तीन पुड्या, पाण्याची बाटली आणि गुडघ्याचा पट्टा होता. माझ्या नातीच्या, तन्वीच्या पाठीवर लॅपटॉप होता, आणि त्या लॅपटॉपात एक तक्ता. तुम्ही म्हणाल, सुमनताई मुंबईला लेकीकडे गुडघा दाखवायला गेल्या होत्या, हे मध्येच कसलं भटकणं? तर ऐका.

पोर बारावी झाली. कॉम्प्युटर, आर्किटेक्चर (इमारतींचे नकाशे काढतात ते शिक्षण) आणि फिजिओथेरपी (व्यायामाने हातपाय सुधारतात ते), तिन्हींच्या परीक्षा देऊन बसलेली. मार्क असे की तिन्हीकडे नाव लागलं. सोमवारी एका ठिकाणी जागा पक्की करायची आणि बाकी दोन सोडून द्यायच्या. तक्त्यात तिने किती वर्षं, कुठलं कॉलेज, पगार, पुढे काय, सगळं भरलं होतं. रंगही दिले होते. तरी रात्री जेवताना रडली. "आजी, तिन्हींनाही सारखेच मार्क पडतायत गं!"

जावईबापूंचं, म्हणजे प्रकाशरावांचं, मत कॉम्प्युटरला. औषधाच्या कारखान्यात उभ्याने आयुष्य गेलं त्यांचं. पोरीने तरी खुर्चीत बसून काम करावं, एवढीच इच्छा. मला बाजूला घेऊन म्हणाले, "आई, तुमचं ऐकते ती. समजवा जरा."

मी काय समजवणार? मी सातवीपर्यंत शिकलेली. पण आमच्याकडे स्थळ बघायला जायचं तर माझी सासू पुढच्या दारी बसायची नाही. पाणी प्यायचं निमित्त करून थेट मागल्या पडवीत. भांडी कुठे घासतात, सून कुठे बसून जेवते, ते बघून यायची. पुढचं दार सगळ्यांचंच सारवलेलं असतं, म्हणायची. तेच मी तन्वीला सांगितलं. "काय आवडतं ते कोणाला विचारू नकोस. कंटाळा कधी येतो ते विचार."

तिने तक्त्यात नवा रकाना काढला. त्यावर लिहिलं, कंटाळा.

पहिला मुक्काम घाटकोपर. बसने गेलो. मीनल माझ्या लेकीची शाळासोबतीण, आता तिचं आर्किटेक्टचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, पण टेबलावर पुठ्ठ्याची अख्खी शाळा मांडलेली, खिडक्यांसकट! मी हात लावायला गेले तर तन्वीने डोळे वटारले.

"हात लावा काकू, पडली तर परत चिकटवू," मीनल म्हणाली. खाजं तोंडात टाकलं नि तशीच बोलायला लागली. "कंटाळा? अगं, पहिली दोन वर्षं मी फक्त जिने नि संडास काढले. लोकांना वाटतं आर्किटेक्ट म्हणजे मोठमोठे महाल. आजही जिना समोर आला की मला जांभई येते."

"दोन वर्षं जिने?" तन्वीचा चेहरा उतरला.

"जिने. आणि संडास," मीनलने आठवण करून दिली.

बाहेर पडून खाऊगल्लीत डोसा खाल्ला. त्या डोशात चीज, भाजी, वर बटाट्याच्या वेफर! आपल्या घावनाला ह्यांनी लग्नातल्यासारखं नटवलंय. मी नावं ठेवत ठेवत अख्खा संपवला. तन्वीने तक्त्यात 'जिने' लिहिलं आणि पुढे रडक्या तोंडाचं चित्र काढलं.

मग मेट्रोने अंधेरी. थंडगार डबा, आणि वरून जाताना लोकांच्या गच्च्या दिसतात. कुठे पापड वाळत घातलेले, कुठे एक बाई कुंडीशी बोलत उभी. स्टेशनात सरकता जिना आला, तिथे मात्र माझी बोबडी वळली. मागचा माणूस म्हणाला, "आजी, पाय टाका, तो थांबणार नाय." तन्वीने 'एक, दोन, तीन' म्हणत मला उचललीच जवळजवळ.

अंधेरीला काचेच्या इमारतीत रोहन भेटला. आमच्या लेकीच्या शेजारणीचा मुलगा, हुशार पोर. आत सोडत नाहीत म्हणून खालच्या कँटीनमध्ये बसलो. त्याच्या डब्यात आईच्या हातची भेंडी होती, पण डोळे सारखे फोनवर.

"कंटाळा कधी येतो रे बाबा?"

तो हसला. "आजी, हे मला कोणी विचारलंच नव्हतं. चूक शोधायला तीन-तीन दिवस जातात, आणि सापडते ती काय, तर एक टिंब चुकलेलं."

"मग तेव्हा कंटाळा येतो?"

"छे! तेव्हा तर झकास वाटतं, नाचावंसं वाटतं. कंटाळा येतो तो नंतर. घरी सांगायला गेलो की आई म्हणते, टिंबासाठी तीन दिवस?"

मी खळखळून हसले. तन्वी हसली, पण मला दिसलं, नाचावंसं का वाटतं ते तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. जावईबापूंना आता काय सांगू, हा विचार माझ्या डोक्यात तेव्हाच सुरू झाला.

पुन्हा मेट्रो, आणि बोरिवली. फिजिओथेरपीचं क्लिनिक एका जुन्या इमारतीत, चार पायऱ्या चढून. तिसऱ्या पायरीला माझा पाय अडखळला. पडले नाही, कठडा धरला.

"मेले हे गुडघे," मी म्हटलं.

तन्वी खाली वाकून पायरीकडे बघत होती. "आजी, तू हो पुढे. मी आलेच."

मी आत गेले. मी लंगडतेय, गुडघ्याला पट्टा, हे बघून तिथल्या डॉक्टरीण बाई धावतच आल्या. "या या, चार वाजताच्या आजी ना? उशीर केलात!" बोलायला अवसरच दिला नाही. मला खाटेवर झोपवलं, गुडघ्यावर गरम पिशवी ठेवली. आता खरं सांगते, तुमच्यापासून काय लपवायचं? मी गप्प राहिले. इतकं बरं वाटलं की वाटलं, असू दे, मी चार वाजताची आजी.

पण आलेल्या कामाला विसरले नाही. "बाई, तुम्हाला कंटाळा कधी येतो हो?"

"पेशंट खोटं बोलतात तेव्हा," त्या माझा पाय वाकवत म्हणाल्या. "घरी व्यायाम केला म्हणतात. गुडघा सांगतो, केला नाही. तुम्ही करता ना?"

"रोज," मी म्हटलं.

त्यांनी गुडघ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी छताकडे बघितलं.

एवढ्यात दारात गलका झाला. खरी चार वाजताची आजी आली होती, रिक्षा मिळाली नाही म्हणून तापलेली. "माझ्या खाटेवर ही कोण?" मी उठून हात जोडले, खाजं पुढे केलं, सगळं सांगितलं. डॉक्टरीण बाई पोट धरून हसल्या. त्या आजींनी खाजं घेतलं, पण राग काही लगेच सोडला नाही.

मग बसता बसता म्हणाल्या, "तुमची नात का ती बाहेरची? गुणाची आहे हो. मला म्हणाली, तिसरी पायरी दोन बोटं उंच आहे, तिथे पाय जास्त उचला. चार महिने येतेय मी इथे. रोज अडखळते, आणि घरी जाऊन सुनेला सांगते, माझा पायच उचलत नाही आता."

मी बाहेर आले. पाऊण तास झाला होता. मला वाटलं, पोर वैतागली असेल. तर ती पायऱ्यांवर बसलेली, ओढणी कमरेला खोचलेली, वितीने उंची मोजत. लॅपटॉप बाजूला पडलेला. वहीत चार पायऱ्या काढलेल्या, प्रत्येकीपुढे आकडा, बाजूला उतार आणि कठडा.

"तन्वी, किती वाजले माहीतंय?"

"थांब ना आजी, एवढी एकच राहिलीय."

मी तिच्याशेजारी बसले. तिने उरलेली पायरी मोजली, लिहिली, आणि मग आपण काय करत होतो ते तिलाच उमगल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

"आजी, वाट लागली. मी जिना काढतेय."

घोडबंदरवरून बसने परत येताना ती खिडकीशी बसून सगळ्या दुकानांच्या पायऱ्या बघत होती. मी मात्र जावईबापूंसाठी वाक्यं जुळवत होते. एकही धड जुळलं नाही.

शेवटी घरी पोचल्यावर तीच बोलली, चहाचा कप त्यांच्या हातात देऊन. "बाबा, मी आर्किटेक्चर घेते."

त्यांनी एक घोट घेतला. "पाच वर्षं आहेत. नि कंटाळलीस मध्येच तर?"

"कंटाळेन की. मीनलमावशी पण कंटाळते. पण रोहनदादाला टिंब सापडल्यावर काय होतं, ते मला आज कळलं. मला पायरी सापडली तेव्हा तसं झालं."

जावईबापूंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तुम्ही सांगितलंत समजवा म्हणून. तिनेच मला समजावलं, त्याला मी काय करू?"

त्यांनी चहा संपवला. मग हळूच विचारलं, "आपल्या जिन्यात दुसऱ्या माळ्यावर वळताना एक पायरी आहे बघ. कामावरून येताना मी तिथेच ठेचकाळतो. मला वाटायचं, दमलोय म्हणून."

"टेप आहे घरात?" तन्वी उठलीच. बापलेक खाली गेले. शेजारी बाहेर आले, जिन्यात ही गर्दी! कोणीतरी वरून ओरडलं, "अहो प्रकाशराव, काय हरवलंय?" सोमवारी जागा पक्की झाली, ती आर्किटेक्चरची.

आठ दिवसांनी मी गावी परतले. सामान खळ्यात, म्हणजे अंगणात ठेवलं, पडवीच्या पायऱ्या चढायला लागले आणि नेहमीच्या जागी पाय अडकला. चाळीस वर्षं अडकतोय. नवी नवरी म्हणून आले तेव्हा सासू म्हणाली होती, "सुनेचं लक्ष कुठे असतं कोण जाणे." मलाही तसंच वाटत आलं.

मी पदर खोचला, तिथेच बसले आणि वितीने मोजलं. दुसरी पायरी पहिलीपेक्षा तीन बोटं उंच. दोनदा मोजलं. मग हार घातलेल्या सासूच्या फोटोसमोर जाऊन सांगितलं, "माझं लक्ष तेव्हाही ठिकाणावरच होतं हो, आत्या." आणि तन्वीला फोन लावला की दिवाळीच्या सुट्टीत टेप घेऊन ये, तुझं पहिलं काम इथे तयार आहे.