मंजुषाचं गाऱ्हाणं

मंजुषा देशकरला कोलकात्यात येऊन एकतीस वर्षं झाली. या एकतीस वर्षांत तिला कुणी "जरा हळू बोला" म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. कुणाची टाप आहे? नवरा विनायक कस्टम्समध्ये, बदली होऊन खिदिरपूरला आला, आणि ही घरात बसून कंटाळली म्हणून गोदीजवळच्या एका क्लिअरिंग एजंटकडे कागदपत्रांचं काम करू लागली. ट्रकवाल्यांशी हिंदीत, कारकुनांशी बंगालीत आणि साहेबांशी इंग्रजीत भांडून तिचा आवाज असा तयार झालाय, की बालीगंजच्या आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरून ती मासेवाल्याला हाक मारते आणि वळणावरचा रिक्षावाला थांबतो. विनायकभावजी नागपूरचे, गरीब स्वभावाचे. ते नुसते हसतात.

मी तिची शेजारीण, शोभा. माझं माहेर वेंगुर्ल्याचं, तिचंही त्याच बाजूचं एक लहानसं गाव, म्हणून आमचं जमलं. तिचे वडील गावकर, म्हणजे गावातले मानकरी होते. गावच्या शिवेवर राखणदाराचं स्थान आहे. हा राखणदार कांबळं पांघरून, काठी घेऊन गावाभोवती फिरतो, वाट चुकलेल्याला घरी आणून सोडतो. फिरून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून वर्षाला त्याला नवा जोड ठेवतात. त्याच्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचा, गावाच्या वतीने मोठ्याने विनवणी करायचा मान परबांचा, म्हणजे तिच्या माहेरच्या घराण्याचा. लहानपणी नारळांची टोपली सांभाळत ही बापाच्या मागे बसायची आणि ऐकता ऐकता सगळं गाऱ्हाणं तिला पाठ झालं. भाऊ अविनाश तेव्हा जत्रेत पिपाण्या वाजवत फिरत होता. बाप गेला, मान अविनाशला मिळाला, आणि आता तो गृहस्थ देवापुढे उभा राहून मोबाईलमध्ये बघून वाचतो. वाचताना अडखळतो. अडखळू दे, पण पुरुषाने अडखळावं. जिला अख्खं येतं तिने नारळ सोलावेत. याचा मला आजही संताप येतो, आणि माझा तिथे काही संबंध नाही.

आता माझ्या दिवट्या चिरंजीवांकडे वळते. केयूर इथेच जन्मला, इथेच वाढला. त्याच्या मराठीची लक्तरं झालेली आहेत, पण अंगात ऊत भारी. आयटीतली नोकरी सोडून दोन बंगाली मित्रांबरोबर त्याने भुताचा व्हिडिओ गेम करायला घेतला. बंगालची भुतं सगळ्यांनी वापरून झाली, म्हणून याने कोकणातली आणली. एक मुलगी कोकणातल्या गावात येते, चकवा तिला फिरवतो, हडळ मागे लागते, आणि गाऱ्हाणं नीट घातलं तरच राखणदार तिला शिवेपर्यंत सोडायला येतो. गोष्ट चांगली होती, नाही म्हणणार नाही. राखणदाराच्या ठिकाणी गाऱ्हाणं ऐकू यायला हवं होतं.

"मावशी, तुमची आवाज एकदम पॉवरफुल आहे," म्हणत तो तिच्याकडे गेला.

ती आधी नाही म्हणाली. बाईने घालायचं नसतं, म्हणाली. मग दोन दिवस आमच्याकडे आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आंघोळ करून, अनवाणी, केयूरच्या खोलीत माइकसमोर उभी राहिली. सीलिंग फॅन बंद, खिडक्यांना गाद्या लावलेल्या, घामाच्या धारा. तिने डोळे मिटले आणि बापाचं गाऱ्हाणं एका दमात घातलं. मी दारात उभी होते. अंगावर काटा आला आणि डोळ्यांत पाणीही. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "शोभा, माका येता गो. सगळा येता."

पुढची घाण केयूरने केली. गेमची झलक इंटरनेटवर टाकताना खाली तिचं नाव आणि तिच्या गावाचं नावही लिहिलं. असा नमुना माझ्याच पोटी यावा! आठ दिवसांत अविनाशचा फोन आला. मी तिच्या स्वयंपाकघरात चहा पीत होते, आणि त्याचा आवाज मला पार भिंतीपाशी ऐकू येत होता.

"बायलमाणसान गाऱ्हाणा घातला म्हणान सगळो गाव माका हसता. ता बंद कर, नायतर जत्रेक येव नको. माझ्या दारात पाय ठेव नको."

"बापाशीचा गाऱ्हाणा तुका पाठ आसा?" तिने विचारलं. "आता म्हणान दाखय."

त्याने फोन आपटला. दरवर्षी जत्रेला जाणारी बाई, आईबापांमागे तेवढंच माहेर उरलेलं. पण ती मला म्हणाली, "गेलं तर जाऊ दे. आवाज राहू दे." याहून साफ कोण सांगणार? मग अविनाशने केयूरला धमकावलं, भावना दुखावल्याची तक्रार करतो म्हणून. केयूर घाबरला. "आई, मी जमवलंय थोडं," असं तो मला म्हणाला, आणि काय जमवलंस हे मी विचारलं नाही. मुलगा कशातून तरी सुटला एवढंच मला पुरलं. न विचारल्याची लाज मला वाटते.

गेम दाखवायचा कार्यक्रम एका रविवारी सकाळी, बालीगंजमधल्याच एका हॉलमध्ये होता. पन्नाससाठ पोरं, काळे टीशर्ट, मोठा पडदा. मंजुषा मोरपंखी पैठणी नेसून विनायकभावजींबरोबर पुढच्या रांगेत बसली होती. पडद्यावर मुलगी राखणदारापाशी पोचली आणि गाऱ्हाणं सुरू झालं. पुरुषाचा आवाज! कुणा नाटकवाल्या बंगाल्याला शब्द लिहून दिले होते, आणि तो शब्दाशब्दाला ठेचकाळत होता. मंजुषाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तेवढ्यात विहिरीतून हडळ वर आली, केस मोकळे, पाय उलटे. तिने तोंड उघडलं आणि त्यातून मंजुषाचा आवाज आला. तोच दम, तेच शब्द, फक्त ओढून ताणून घोगरे केलेले. पोरं किंचाळली, टाळ्या पडल्या.

दिवे लागल्यावर केयूर धावत आला. "मावशी, बघा, तुमचा आवाज फुकट नाही जाऊन दिला मी! कुणाला कळणार पण नाही तुम्ही आहे ते!"

मी त्याच्या थोबाडीत मारणार होते. मंजुषाने माझा हात धरला. ती उठली, चपला काढल्या, पडद्यापुढे गेली. माइकची तिला गरज नव्हती.

"बा देवा राखणदारा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या महाराजा! आज तुझी लेक परमुलखात उभी ऱ्हवान तुका हाक मारता. माझ्या बापाशीन तुझ्या पायाकडे ठेवलेले शब्द ह्या केयूरान उचलल्यान आणि हडळीच्या तोंडात घातल्यान. माझ्या भावाशीन माका गप ऱ्हवाक सांगल्यान. जो कोण चुकलो असात, त्याका वाटेर आणून सोड महाराजा!"

ती थांबली. आता होकार हवा होता. एकट्या माणसाचं गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, जमलेल्यांपैकी कुणीतरी ते उचलून धरावं लागतं. पोरं मोबाईलवर तिचं चित्रण करत होती. विनायकभावजींना काय म्हणायचं ते ठाऊक नव्हतं. केयूर पांढराफटक पडून माझ्याकडे बघत होता, लहानपणी पडल्यावर बघायचा तसा. त्या हॉलमध्ये उत्तर माहीत असलेली मी एकटीच होते, आणि गाऱ्हाणं माझ्या मुलाविरुद्ध होतं.

"व्हय महाराजा!" मी ओरडले. घसा दुखेपर्यंत ओरडले.

केयूरचा चेहरा उतरला. "मावशी, सॉरी," तो पुटपुटला. "तुमचा आवाज मी काढून टाकतो. आजच काढतो, सगळीकडून."

"काढायचा नाही," मंजुषा म्हणाली. "राखणदारापाशी ठेव, होता तिथे."

"पण तुमचे भाऊ? जत्रा?"

"ते माझं मी बघेन." तिने खुर्ची ओढली आणि त्याच्या कम्प्युटरच्या बाजूला बसली. "आत्ता ठेव. मी बसलेय."