लेथ आणि मधली भिंत

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. कोणी वाचलंच तर माफ करावं.

कोयनानगरच्या भूकंपात आमची घरं पडली. थोरल्या दिरांचा मुलगा भिंतीखाली गेला. मग आम्ही साताऱ्याला आलो आणि दोन भावांची घरं एकमेकांना लागून बांधली. मधली भिंत एकच. पुन्हा जमीन हलली तर भिंती सुट्या होऊन पडू नयेत म्हणून सळया घालून दोन्ही घरांभोवती सिमेंटचं एकच कडं फिरवलं. त्या कड्यावर आमचा फार भरवसा.

तीन-चार वर्षांनी आमच्या मालकांनी, म्हणजे घरधन्यांनी, सांगलीहून जुना लेथ, लोखंड कातायचं यंत्र, आणला. इंजिनांचे दांडे कातायचं काम घरीच सुरू केलं. लेथसाठी पैसे दिरांनीच दिले होते. मालकांनी लेथ फरशीत बोल्टांनी ठोकून बसवला, आणि मोटर थेट त्या सिमेंटच्या कड्यावर आवळली. घरात त्याच्याइतकं मजबूत दुसरं काही नव्हतं.

मोटर सुरू झाली की पलीकडे जाऊबाईंच्या फळीवरची ताटं वाजायची. पुन्हा भूकंप आला असं वाटून त्या आपल्या मुलीला बखोटीला धरून उघड्यावर पळायच्या. एकदा अंघोळ करताना ओल्या लुगड्यानिशी पळाल्या. एकदा पोरीला इतक्या जोरात ओढलं की तिचा खांदा निखळला. त्या दिवशी दीर पहार घेऊन आले.

"बंद कर रं ते! माझी बाई येडी व्हायला लागलीया!"

"पोटावर पाय देतोस व्हय दादा?"

"पोट? माझं पोरगं भिंतीखाली गेलंय, तुजं न्हाई!"

पहार मोटरवर बसली. मालकांनी हातातला दांडा दिरांच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी मध्ये पडले तर कोणाचं तरी कोपर कपाळावर बसलं आणि रक्त डोळ्यांत उतरलं. दीर खाली बसून हात पोटाशी धरून ओरडत होते, "माजा पैसा टाक. समदा. न्हाईतर ह्यो लेथ हिरीत टाकतो!"

लेथ बंद ठेवला तर पैसे कुठून द्यायचे? सुरू केला तर जाऊबाई रस्त्यावर.

मोटर दुरुस्त करून मालकांनी लेथखाली टायरचे तुकडे घातले, आणि बोल्ट पुन्हा फरशीत करकचून आवळले. ताटं तशीच वाजली. त्यांनी पाना भिंतीवर फेकला. मी फरशीला हात लावून पाहिला, मग कड्याला. कडं मुंग्या आल्यासारखं थरथरत होतं.

"मोटर तिथनं काढा की," मी म्हणाले.

गालावर चपराक बसली. "तू शिकीवणार मला?"

दुसऱ्या दिवशी मोटर काढली मात्र. पण लेथ फरशीत होता तोवर ताटं थोडी वाजणारच, त्याला फरशीपासून सुटा खड्ड्यात बसवायला हवा, असं मालक म्हणाले.

मग जाऊबाई स्वतः कुदळ घेऊन आल्या. "ह्यांचा हात मोडला. आता डोकं कुनाचं फोडणार भावजी? कुठं खणायचं ते सांगा."

भिंतीपासून लांब फरशी फोडून आम्ही दोघींनी खड्डा खणला. तळाला वाळू, वाळूवर टायरचे तुकडे, त्यावर काँक्रीटचा ठोकळा. ठोकळा फरशीला कुठेच टेकू दिला नाही, चारी बाजूंनी बोटभर फट ठेवली. तो वाळल्यावर लेथ आणि मोटर त्यालाच आवळली.

जाऊबाई त्यांच्या घरात पाण्यानं भरलेलं ताट पुढ्यात घेऊन बसल्या. मी शेजारी. पलीकडे लेथ सुरू झाला. त्यांची नखं माझ्या दंडात रुतली, रक्त आलं. पण पाणी हललं नाही.

"घरघर ऐकू येतीया," मी घाबरत म्हणाले.

"येऊ दे. घरघरीनं मानूस मरत न्हाई."

एवढं बोलून त्या उठल्या आणि दोन्ही तळव्यांनी भिंतीला मारत सुटल्या. "सटवे, तवा का न्हाई थांबलीस! तवा का न्हाई!" तळहात सोलले तरी थांबेनात. मी मागून मिठी मारून त्यांना खाली बसवलं.

लेथ चालू लागला. दिरांचं मनगट वाकडंच जुळलं आणि भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. थोडे पैसे साठले की ते मीच नेऊन द्यायची. शेवटच्या वेळी मालक माझ्यामागून उंबऱ्यापर्यंत आले.

दिरांनी डाव्या हातानं नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"दादा, फिटलं का?"

"पैसं फिटलं," दीर म्हणाले, आणि दार लावून घेतलं.