खिडकीखालचा पाचोळा

माझी मावशी इस्पितळात साफसफाईचं काम करायची. पलंग न सरकवता फरशी पुसणारीला ती माणसात मोजत नसे. घरीही तोच खाक्या. आम्ही भाचरं पाय पुसून आत शिरायचो, तरी ती ओलं फडकं घेऊन मागोमाग यायची. "मला अजून घरात ठेवलंय हेच नशीब," काका म्हणायचे.

काका म्हणजे तिचे यजमान. लाकूड चिरायच्या गिरणीत त्यांचा जन्म गेला. भुशाने छाती भरली आणि शेवटी खाटेपासून खिडकीपर्यंतच त्यांचं जग उरलं. खिडकीमागे लगेच जंगल. तिथे झुडपांच्या बुडाशी, वाळक्या पानांच्या थरात एक पक्षी राहायचा. दिसायचा कधीच नाही. किडे शोधताना पाचोळ्यात त्याची खसफस चालायची आणि उजाडताना तो गायचा, तेही कुणी ऐकलं तर पंचाईत होईल अशा घाईत. काकांनी त्याचं नाव लाजऱ्या ठेवलं होतं. तो गायला की त्यांचा दिवस बरा जायचा.

डॉक्टरांनी मावशीला बाजूला घेऊन आता फार दिवस नाहीत म्हणून सांगितलं, तेव्हा मी तिच्याबरोबर होते. ती रडली नाही. वाटेत म्हणाली, "त्यांना तो पक्षी बघायचाय गं एकदा. दुसरं काही मागतच नाहीत."

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि कंबर कसली. झुडपं खालून छाटली. तिथे थांबली असती तर ती मावशी कसली? पाचोळा पार मातीपर्यंत झाडून काढला आणि पेटवून दिला. संध्याकाळी मी गेले तर खिडकीखाली वॉर्डाची फरशी वाटावी अशी लख्ख जमीन. "आता कसा लपतो बघू," ती म्हणाली. इतकी खूश मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

लपायला आडोसा नाही आणि खायला किडा नाही, तिथे तो कशाला येतोय? सकाळी बाहेर चिडीचूप. पुढेही तसंच. आपण काय करून बसलो ते कळल्यावर मावशीने कपाळाला हात लावला. मग ती जंगलातून पोती भरभरून वाळकी पानं आणायला लागली. जन्मभर कचरा बाहेर टाकणारी बाई तोच पाठीवरून वाहून आणत होती. पानं वाऱ्याने उडून जायची. मला त्या पक्ष्याचा भयंकर राग आला. एवढा कसला भाव खायचा?

आणि एका सकाळी काका म्हणाले, "ऐकलंस? बोलला."

मावशी हातातलं भांडं तसंच घेऊन धावली. "कधी?"

"तू नळ सोडला होतास ना, तेव्हा."

नंतर तो ती दुधाला गेली की बोलायचा, कामाला गेली की बोलायचा. "परत आला बाई," ती मला म्हणाली. पोती थांबली. दोन घास जेवायलाही लागली.

एकदा ती बाहेर गेलेली असताना मी काकांजवळ बसले होते. बाहेर कसलाच आवाज नव्हता. ती आल्यावर काका म्हणाले, "आत्ताच बोलला. विचार हिला." श्वास लागलेला तो माणूस माझ्याकडे अशा काही नजरेने बघत होता की मला नाही म्हणवेना. "हो मावशी, बोलला," मी म्हणाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत काका गेले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मावशी सांगायची, "शेवटपर्यंत ऐकत होते. तेवढं सुख मी त्यांचं घालवलं नाही." मग तीच पहाटे त्यांच्या खाटेवर बसून कान देऊ लागली. आठवडे गेले. एक दिवस मला म्हणाली, "मला कसा ऐकू येत नाही गं? कान गेले की काय माझे?"

माझ्याने खरं बोलवेना. तिच्या हट्टापायी मी तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी यंत्र लावून तपासलं आणि कान ठणठणीत आहेत म्हणाले. मावशीने त्यांना पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

ती जिना उतरू लागली आणि मध्येच पायरीवर बसली. पायरीवर कागदाचे कपटे, चिखल, काय काय पडलं होतं. तिने बघितलंही नाही.

"तू पण?" तिने विचारलं.

मी मान खाली घातली. काका गेल्यावरही न रडलेली माझी मावशी तिथे, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत, ढसाढसा रडली.

"त्यांनी एकदा तरी रागवायचं होतं माझ्यावर," ती म्हणाली.