आठ काड्यांचा वारा

हिमालय चढायला निघालेले लोक पुष्कळ असतील, पण दहिवलीतल्या आपल्या घराच्या ओटीवर बसून पंधरा वर्षं हिमालय चढत राहिलेला माणूस मी एकच पाहिला. ते आमचे शेजारी. जमीनमोजणीच्या खात्यात तीस वर्षं साखळ्या ओढून पेन्शनीत निघालेले, म्हणून सारा गाव त्यांना मोजणीदार म्हणे. उंची पाच फूट दोन इंच, अंगावर मांस म्हणण्यासारखं काही नाही, आणि मनात मात्र हिमालयातलं एक शिखर. कोणतं शिखर, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. नाव फुटून एखाद्या गोऱ्या साहेबाच्या कानावर गेलं, तर तो आधी वर जाऊन बसेल अशी त्यांना धास्ती होती. दहिवलीच्या आळीत कान टवकारून हिंडणारा गोरा साहेब मी तरी कधी पाहिला नाही. मोजणीदार शिखराचा उल्लेख दबक्या आवाजात 'आपलं शिखर' असा करत, आणि त्या 'आपलं'मध्ये मी, म्हणजे कर्जतच्या शाळेतला मास्तर, न विचारता धरला गेलो होतो.

या वेडाचा उगम कर्जत स्टेशनात होता. घाट चढायला मेलगाडीला तिथे मागून जादा इंजिन लावत, आणि तेवढ्या वेळात वरच्या वर्गातले प्रवासी वाचून झालेली इंग्रजी वर्तमानपत्रं खाली टाकत. मोजणीदार ती गोळा करून आणत. साहेब लोकांच्या हिमालयातल्या मोहिमांच्या बातम्या त्यांत असायच्या. त्या वाचून त्यांचं ठाम मत झालं, "मास्तर, या लोकांची आखणी कच्ची आहे." आखणी पक्की करण्याची जबाबदारी मग त्यांनी आपणहून उचलली. साहेबांनी त्याबद्दल त्यांचे आभार मानल्याचं ऐकिवात नाही.

त्यांच्या मते शिखराचा खरा वैरी थंडी नव्हे, वारा. वारा मोजायचं माप त्यांनी स्वतःच काढलं होतं. गावाबाहेरच्या माळावर छत्री उघडून उभं राहायचं, आणि तिच्या आठ काड्यांपैकी किती उलटतात ते वहीत टिपायचं. "काल तीन काड्यांचा होता," असं ते दुसऱ्या दिवशी मला इतक्या गंभीरपणे सांगत, की घरात कुणी आजारी आहे असं वाटावं. आपल्या शिखरावर बत्तीस काड्यांचा वारा असणार असा त्यांचा अंदाज होता. एका छत्रीला आठच काड्या असतात, हे मी नम्रपणे लक्षात आणून दिलं. "म्हणून तर चार छत्र्या न्यायच्या," ते म्हणाले. थंडीच्या सरावासाठी ते एकदा स्टेशनातल्या खानसाम्याकडून भुशात गुंडाळलेला बर्फ मागून आणून त्यावर अनवाणी उभे राहिले आणि आठवडाभर शिंकत होते. त्यावरही त्यांचं उत्तर तयार होतं. शिंकांनी छाती मोकळी होते आणि उंचावर मोकळी छाती लागतेच. त्यांच्या पत्नीचं, काकूंचं, या सगळ्याविषयी एकच म्हणणं होतं, "जायचं तर जाऊन या एकदाचे. माळ्यावर दोर नि छत्र्या रचून माझे पापडाचे डबे अडवू नका."

आखणीत दोन गोष्टी मोजणी खात्यातून जशाच्या तशा आल्या होत्या. पहिली म्हणजे पंच. गावातली हद्द असो की हिमालयाचा माथा, पाच माणसांनी डोळ्यांनी बघून सही केल्याशिवाय ती खरी नाही, अशी त्यांची श्रद्धा. त्यामुळे शिखरावर पाच पंच नेणं भाग होतं. त्यासाठी 'खाली सही करणारे आम्ही माथ्यापर्यंत येण्यास राजी आहोत' असा कबुलीचा कागदही त्यांनी करून ठेवला होता. तो त्यांनी वाण्यापासून वैद्यापर्यंत सर्वांपुढे धरला आणि सर्वांनी चष्मा घरी राहिल्याचं सांगितलं. मी शाळेच्या परीक्षांवर भागवत असे. माझ्या शाळेत बारा वर्षं सतत परीक्षा चालल्या होत्या. दुसरी गोष्ट कड्याची. मोजणीत आडवं अंतर धरतात. उभ्या कड्याला क्षेत्रच नसतं, नकाशात तो एका रेघेत आटपतो. मोजणीदारांच्या नकाशात म्हणूनच शेवटच्या तळापासून शिखर अवघ्या दोन साखळ्यांवर, म्हणजे हाकेच्या अंतरावर, होतं. सकाळचा चहा घेऊन निघायचं आणि जेवायला परत यायचं, असा बेत होता.

एकदा कंटाळून मी म्हणालो, "आधी आपला इरशाळचा डोंगर तरी चढून बघा." मी टोमणा मारला होता. त्यांनी तो ठराव म्हणून मंजूर केला. रंगीत तालमीला दोन पंच पुरतात असं ठरवून त्यांनी मला पौषातल्या एका शनिवारी शाळा सुटल्यावर बैलगाडीत घातलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि परीक्षा रविवारी नसतात, हे त्यांनी हेरून ठेवलं होतं. चौकला मुक्काम करून सकाळी आम्ही डोंगराच्या खांद्यावरच्या ठाकूरवाडीत पोचलो. तिथला मधासाठी कडे चढणारा एक ठाकर वाट दाखवायला आला आणि तोच दुसरा पंच झाला.

इरशाळच्या सुळक्याला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. मावळातला वारा त्यातून घुसतो. तिथवर मोजणीदार माझ्या पुढे होते, हे कबूल केलं पाहिजे. नेढ्यात उभं राहून त्यांनी छत्री उघडली. आठही काड्या एकदम उलटल्या आणि छत्री हातातून सुटून लोधिवलीच्या दिशेने निघून गेली. "सायेब, छत्री पोचली," ठाकर म्हणाला. "आता तुमी बसा. हितून म्होरं पाय टेकाया जागा नाय, निस्ता वारा हाय."

मोजणीदार बसले नाहीत. वर उभ्या कड्याकडे बघत राहिले. मग ते पाठ दगडाला लावून हळूच खाली सरकले. माझ्याकडे चारपाच चांगल्या कोट्या तयार होत्या. बारा वर्षं मी या क्षणाची वाट बघत होतो.

"मास्तर," ते म्हणाले, "या डोंगराच्या मोजणीत मी होतो. नकाशातली ही रेघ मीच काढलीय." खाली वाडीकडे बोट दाखवून म्हणाले, "खालून काढली होती."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. मग त्यांनी वही काढली आणि लिहिलं, 'माथ्याच्या अंदाजे चाळीस हात खाली थांबलो. कारण, भीती.' मी म्हटलं, "अहो, कारण वारा लिहा. कोण बघतंय?" ते म्हणाले, "पंच बघतायत. आणि वारा आठच काड्यांचा होता. आपली तयारी बत्तिसाची होती." मी सही केली, ठाकराने अंगठा दिला, आणि आम्ही उतरलो.

त्यानंतर मोजणीदार शिखराविषयी एक शब्द बोलेनात. स्टेशनात जाईनात. माळावर वारा मोजायला कुणी उभं नसे. काकूंचे पापडाचे डबे माळ्यावर ऐसपैस बसले. मला वाटलं होतं, सुटलो. पण संध्याकाळी शाळेतून येताना त्या ओटीकडे बघायचं मी टाळू लागलो. त्यांची टवाळी करण्यातच माझी बारा वर्षं मजेत गेली होती, आणि माझ्याच एका टोमण्याने त्यांचं शिखर संपवलं होतं. मला स्वतःची लाज वाटत होती.

महिन्याभराने काकूच आमच्या दारात आल्या. "मास्तर, त्यांना जरा त्या हिमालयाचं विचारा की," त्या म्हणाल्या. "घरात नुसतं गप्प बसतात. मी विचारलं तर म्हणतात, तुला काय करायचंय."

मी गेलो. बसता बसता म्हटलं, "तो पंचांचा कागद कुठाय?" ते आत जाऊन कागद आणि दौत घेऊन आले, पण कागद हातातच धरून ठेवला.

"खोटी सही मी घेत नाही, मास्तर. तुम्ही खरंच येणार?"

"येणार," मी म्हटलं. आणि तेव्हा, त्या ओटीवर, मी खरोखरच जाणार होतो. त्यांनी सही वाळेपर्यंत कागद उघडा धरला आणि आत हाक मारून काकूंना माळ्यावरच्या छत्र्या काढायला सांगितलं. पुढे तीन वर्षं ते होते, आणि तिन्ही वर्षं आमची आखणी जोरात चालली होती. पहिल्या पंचाच्या जागी माझी सही आहे. बाकीचे चार शेवटपर्यंत मिळाले नाहीत.